पंचनाम्यात न बसलेला विळा : धाराशिवमध्ये झिजलेली अवजारं बदलायची, तर भरवसा कोणावर ठेवायचा?

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यातले धाराशिव जिल्ह्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. भूम, परंडा, कळंब, वाशी. छपरावर अडकलेली माणसं, पाण्यातून वाट काढणारी एनडीआरएफची पथकं, रात्रभर पुरात अडकलेल्या कुटुंबाला काढायला स्वतः पाण्यात उतरलेले खासदार ओमराजे निंबाळकर. एरवी ज्या जिल्ह्याचं नाव टँकरच्या बातमीत येतं, तिथं हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली होती.

पाणी ओसरलं, पंचनामे झाले. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख, रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं, गाळानं भरलेल्या विहिरीला 30 हजार. जनावरं, घरं, दुकानं, सगळ्याचे आकडे आले.

पण गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेला विळा, कोपऱ्यात उभी असलेली कुदळ, खुरप्यांची जुडी? ही वाहून गेली किंवा आठवडाभर चिखलात राहून गंजली, तर ती कुठल्या रकान्यात लिहायची?

शेतीच्या हातअवजारांसाठी असा रकानाच नाही. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांमध्ये अवजारांचा उल्लेख येतो, पण तो हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांसाठी. खराब झालेली अवजारं बदलायला 5,000 रुपये, कच्चा माल किंवा तयार माल गेला तर आणखी 5,000. कोष्ट्याच्या मागाला अवजार म्हणतात, खुरपणाऱ्या बाईच्या खुरप्याला म्हणत नाहीत.

आता कोणी म्हणेल, शे-दीडशे रुपयांच्या वस्तूचं काय एवढं घेऊन बसलात. तर ते जरा सविस्तर सांगायला लागेल.

एक कोयता म्हणजे किती?

धाराशिवमधून, विशेषतः कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातून दर दिवाळीनंतर हजारो लोक ऊसतोडीला बाहेर पडतात. या धंद्यात माणसं मोजायचं एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो ती कोयत्यावर. अवजाराच्या नावानं माणूस मोजणारा दुसरा धंदा पटकन आठवणार नाही.

आणि पैसे मिळतात ते टनावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे दिवस भरला म्हणून पैसे मिळत नाहीत, ऊस तुटला तर मिळतात. कोयता बोथट असेल तर एका घावात तुटणाऱ्या उसाला दोन घाव लागतात. शिवाय ऊस बुडख्याला, जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर तिथं जास्त असते आणि पुढचा खोडवाही नीट फुटतो. बोथट कोयत्यानं बुडखा चिरतो. दिवसाला दोन टन तोडणारी जोडी पावणेदोन टनांवर आली, तर 90 रुपये गेले. चार दिवसांत चांगल्या कोयत्याची किंमत वसूल झाली असती. मनगट आणि खांदा यांचा हिशेब तर वेगळाच.

सोयाबीनचंही तसंच. काढणी बहुतेक ठिकाणी एकरावर गुत्त्यानं दिली जाते. पुरानंतर जे पीक उभं राहिलं होतं ते चिखलात लोळलेलं, देठ वातड झालेले. अशा पिकाला धार नसलेला विळा लावला की तो कापत नाही, ओढतो. झाड मुळासकट वर येतं, शेंगा फुटतात, माती मळणीत जाते.

म्हणजे विळा 60 रुपयांचा असला तरी त्याच्या धारेवर त्या दिवसाची मजुरी टांगलेली असते.

विळा तीन दिवसांत बोथट का होतो?

“पूर्वीची अवजारं राहिली नाहीत” हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. यात थोडी आठवणींची साखर असते हे मान्य, पण बरंचसं खरंही आहे. कारण समजायला लोखंडातला एकच घटक पाहिला तरी पुरतं : कार्बन.

बांधकामाची सळई, पत्रा, खिडकीचे गज या साध्या लोखंडात कार्बन कमी असतो, साधारण पाव टक्का किंवा त्याहून कमी. असं लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी पुरेसं कडक होत नाही. त्याला धार लावता येते, पण ती टिकत नाही, वळते. ट्रकचा कमानपाटा मात्र अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बनचा असतो. तो तापवून, ठोकून, योग्य रंगावर ‘पाणी दिलं’ की धार धरतो. म्हणूनच गावचा लोहार भंगारातून पाटा शोधून आणायचा. तेल जास्त कडक करत नाही, पाणी लवकर कडक करतं. नुसतं टोक बुडवायचं की पूर्ण पातं. बाहेर काढल्यावर परत किती तापू द्यायचं, हे सगळं तो डोळ्यानं आणि सवयीनं ठरवायचा. जास्त कडक झालं तर पातं दगडावर तुटतं, कमी झालं तर वाकतं. धातुशास्त्राचं पुस्तक न उघडता चालणारं हे धातुशास्त्र आहे. या भागाला त्याचा वारसाही मोठा. 1948 पर्यंत हा जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातल्या कोनासमुद्रम या गावचं पोलाद घ्यायला एकेकाळी इराणचे व्यापारी येत. दमास्कस तलवारी म्हणून जगभर ज्यांचं नाव झालं, त्यांच्यासाठी दख्खनचं पोलाद जायचं.

आता बाजारात येणारा स्वस्त विळा बऱ्याचदा पत्र्यातून कापलेला असतो. ठोकलेला नसतो, त्याला पाणी दिलेलं नसतं. चाकावर घासून धार काढतात, वरून रंग किंवा लॅकर मारतात. दुकानात तो जुन्या विळ्यापेक्षा देखणा दिसतो. पहिल्या दिवशी कापतोही. तिसऱ्या दिवशी कळतं.

यातला एक बारकावा : चांगला विळाही आपण घरी बिघडवू शकतो. धार लावायला ग्राइंडर धरला आणि पात्याची कड निळी पडली, की समजायचं ‘पाणी उतरलं’. तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. मग दोष कंपनीला दिला जातो.

ब्रँड आहे, पण कशाला आहे?

हातअवजारांचे दोन बाजार आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

पहिला बाजार पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर, कानस यांचा. मोटार दुरुस्त करणारा, वायरमन, गवंडी, सुतार यांचा. इथं महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. देशभरातल्या वायरमनच्या पिशवीत सापडणारी टपारिया ही कंपनी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं तिनं 1960 च्या दशकाअखेर उत्पादन सुरू केलं. (शेअर बाजाराच्या रील्स बघणाऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असेल : पक्कड विकत मिळते, पण शेअर कोणी विकायलाच तयार नसल्यानं कित्येक वर्षं भाव एक आकडी होता.) कानस म्हटलं की जेके, रेमंड समूहाची; तिचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला. म्हणजे धाराशिवच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात जी कानस आहे, ती कोकणातून आलेली असण्याची शक्यता चांगली आहे.

दुसरा बाजार विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, फावडं, कुदळ यांचा. यात फावडं-कुदळीला ब्रँड आहे. टाटा स्टीलचा ‘अॅग्रिको’ 1920 च्या दशकापासून चालत आलाय आणि जुनी माणसं अजूनही ‘टाटाचं फावडं’ असंच म्हणतात. लुधियाना, जालंधर आणि राजस्थानातलं नागौर इथूनही बराच माल येतो. पण विळा-खुरप्याकडे आलात की ब्रँड संपतो. कारण त्याचा आकार दर पन्नास कोसांवर बदलतो. मराठवाड्यातल्या काळ्या रानात चालणारं खुरपं कोकणात चालत नाही. कुणाला मान लांब लागते, कुणाला पातं रुंद. डावखुऱ्या बाईला वेगळंच. एवढे प्रकार कुठलीच कंपनी काढत बसणार नाही.

इथं ब्रँड म्हणजे माणूस होता. अमुक गावच्या लोहाराचा कोयता, यात्रेला येणाऱ्या घिसाड्याची कुऱ्हाड. रस्त्याकडेला भाता लावून, नवरा-बायको दोघं घण मारत बसलेली घिसाडी कुटुंबं अजून दिसतात. त्यांच्याकडे हमीपत्र नसतं, पण पुढच्या वर्षी ती त्याच बाजाराला येणार असतात, आणि विळा वाईट निघाला तर तुम्ही तो घेऊन तिथं उभे राहणार असता. ही हमी छापील कार्डापेक्षा कमी नव्हती.

ती आता विरळ होत चाललीय. मुलं या कामात नाहीत, कोळसा महाग, आणि पत्र्यातून कापलेल्या विळ्याच्या भावात घडवलेला विळा देणं परवडत नाही. सरकारनं 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्या 18 व्यवसायांत लोहार आहेत, हातोडा आणि अवजारं बनवणारेही आहेत. प्रशिक्षण, 15 हजार रुपयांचं टूलकिटचं ई-व्हाउचर, 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख आणि मग 2 लाखांचं कर्ज. योजना चांगली आहे. पण ती बनवणाऱ्याला अवजार देते. त्याचा माल घेणारं गिऱ्हाईक टिकवण्याचं काम तिच्यात फारसं नाही. लोहाराला विजेचा भाता मिळाला आणि समोरच्या दुकानात निम्म्या भावात पत्र्याचा विळा टांगलेला असला, तर भाता काय करणार?

जगाच्या बाजारात भारत कुठे आहे?

नीती आयोगानं एप्रिल 2025 मध्ये हात आणि पॉवर टूल्सवर एक अहवाल काढला. जगातला हा व्यापार साधारण 100 अब्ज डॉलरचा, त्यातली हातअवजारं 34 अब्जांची. हातअवजारांच्या निर्यातीत चीनचा वाटा निम्म्याच्या आसपास. भारताचा? 60 कोटी डॉलर, म्हणजे 1.8 टक्के. चीनच्या तुलनेत आपला माल 14 ते 17 टक्के महाग पडतो, असं अहवाल म्हणतो. कारणं ओळखीची आहेत : पोलाद महाग, कर्ज महाग, वाहतूक महाग, कारखाने लहान. येत्या दहा वर्षांत 25 अब्ज डॉलरची निर्यात आणि 35 लाख रोजगार, असं स्वप्न त्यात मांडलंय.

अहवाल निर्यातीचा आहे, त्यामुळे त्यात परंड्याची खुरपणारी बाई नाही, हे गृहीत धरायला हरकत नाही. पण ती 14 ते 17 टक्क्यांची दरी तिच्यापर्यंत पोचते. जो कारखानदार चांगल्या पोलादात महाग पडतो, तो दोनपैकी एक गोष्ट करतो : चांगला माल बाहेर पाठवतो, किंवा इथल्या बाजारासाठी पोलादाचा दर्जा उतरवतो. त्यामुळे एकाच गावच्या एकाच शिक्क्याच्या मालात दोन दर्जे सापडले, तर नवल वाटायला नको.

मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं?

पहिलं, चुंबकाचा खेळ विसरा. चुंबक साध्या लोखंडालाही चिकटतं, कडक पोलादालाही. त्यावरून काही कळत नाही. चकाकीही विसरा. पान्यावरची चांदीसारखी चमक हा वरचा मुलामा असतो, आतलं पोलाद त्यातून दिसत नाही. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं छापायला तर फक्त छाप लागतो.

उपयोगी पडते ती कानस. जुनी, बारीक दातांची कानस घ्या आणि धारेच्या कडेवर हलकेच ओढा. घसरली, तर पातं कडक आहे. लोखंड खरवडून निघालं, तर पाणी दिलेलं नाही. दुकानदार नको म्हणेल. मग एकच नग घ्या, घरी तपासा, आणि मगच टोळीसाठी दहा घ्या. ही साधी शिस्त पाळली तरी निम्मी फसवणूक टळेल असं मला वाटतं.

शिक्क्याचं म्हणाल, तर भारतीय मानकं आपल्याकडे फावड्यालाही आहेत. फावड्याचं आयएस 1759, हातोड्याचं 841, पकडीचं 3650. वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल तर चिन्हाच्या वर हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे, चालू आहे की संपलाय, सगळं दिसतं. नुसतं चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर तो शिक्का समजू नका. विळा-खुरप्यावर मात्र हे चिन्ह सहसा सापडणार नाही, तिथं कानसच.

नक्कल होते ती चालणाऱ्या नावांचीच. एक अक्षर इकडचं तिकडं, रंग तोच, मुठीचा आकार तोच. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, छापील किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ऑनलाइन विकणाऱ्यानं तो माल कुठल्या देशातला हेही दाखवायचं असतं. खोटा ट्रेडमार्क लावणं हा 1999 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड.

वायरमन मंडळींसाठी एक सूचना वेगळी द्यायला हवी. पकडीच्या मुठीवर प्लास्टिक आहे म्हणजे ती चालू लाइनवर चालते, असं नाही. साधी पक्कड आणि 1000 व्होल्टपर्यंत तपासलेली इन्सुलेटेड पक्कड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीवर आयईसी 60900 हा क्रमांक आणि दोन त्रिकोणांची खूण असते. नक्कल इथं पैशापुरती राहत नाही.

आता बिलाकडे येऊ. “पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल” हे वाक्य प्रत्येक काउंटरवर ऐकू येतं. पकडीला, पान्याला, हातोडीला 18 टक्के लागतो, खरंय. पण विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, फावडं, कुदळ या शेतीच्या हातअवजारांवर जीएसटी शून्य आहे. आधीपासून. (घमेलं तेवढं त्या यादीतून नाव घेऊन वगळलंय. का, ते करतज्ज्ञांना ठाऊक.) म्हणजे कोयत्याचं पक्कं बिल घेतल्यानं तुमचा एक रुपयाही वाढत नाही. आणि बिल असेल, तरच 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात बोलता येतं. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात फी नाही. एका विळ्यासाठी कोणी जाणार नाही, हे उघड आहे. पण टोळीसाठी चाळीस कोयते घेणारा मुकादम किंवा सभासदांसाठी दोनशे खुरपी घेणारी शेतकरी कंपनी जाऊ शकते, आणि दुकानदारालाही ते माहीत असतं.

खुरपं धरणारा हात कोणाचा?

धाराशिवमध्ये खुरपणी जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातात आहे. अवजार विकत आणणारा मात्र बऱ्याचदा पुरुष असतो, आणि तो बघतो किंमत. मुठीची जाडी, वजन, पात्याचा कोन याचा त्रास ज्या मनगटाला होतो, ते दुकानात नसतं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेला ‘वैभव विळा’ तुम्ही पाहिला असेल. हलका, करवतीसारखे बारीक दाते असलेला. दात्यांमुळे तो पीक घट्ट धरून कापतो, ओढावं लागत नाही, आणि वरचेवर धार लावायची गरज राहत नाही. अडचण अशी की दाते झिजले की लोहाराकडे फारसा इलाज नसतो, नवा घ्यावा लागतो. गहू, हरभरा, गवत यासाठी तो झकास. सोयाबीनच्या जाड, वाळलेल्या देठाला साधा घडवलेला विळा बरा की हा, हे रानात चालवून बघण्यासारखं आहे. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात अशा सुधारित अवजारांची चौकशी करता येईल.

या जिल्ह्यात ते एकत्र करायची सोयही आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर उमरगा-लोहारा पट्ट्यात बचत गटांचं जाळं उभं राहिलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं पुढे इथल्याच बायकांना घेऊन एक एकर शेतीचं काम केलं, त्याला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. असे गट बियाणं एकत्र घेतात, खत एकत्र घेतात. खुरपीही घेऊ शकतात, आणि पत्र्याची नाही तर जवळच्या लोहाराकडून, पाट्याची, पाणी देऊन घडवलेली. पन्नास खुरप्यांची आगाऊ ऑर्डर मिळाली तर लोहारालाही पाटा आणायला, कोळसा घ्यायला हात सुटतो. समजा पत्र्याचं खुरपं 60 रुपयांना मिळतं आणि एक हंगाम चालतं, घडवलेलं 150 ला मिळतं आणि तीन हंगाम चालतं. तीन वर्षांत 180 विरुद्ध 150. मधल्या काळात धार लावण्यात गेलेला वेळ यात धरलेलाही नाही.

राहिला पंचनाम्याचा रकाना. आपत्ती निवारणाचे केंद्रीय निकष 2022-23 ते 2025-26 या काळापुरते ठरवलेले होते, त्यांची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची. त्यापुढच्या काळासाठी निकष नव्यानं ठरतात, तेव्हा राज्यांना आपलं म्हणणं मांडता येतं. कारागिराच्या अवजारांसाठी जी 5,000 रुपयांची ओळ आहे, तिच्याच खाली शेतकरी आणि शेतमजुराच्या हातअवजारांसाठी पाचशे-हजाराची एक ओळ मागायला महाराष्ट्राला कोणी अडवलेलं नाही.